याय लुनची मिठाची हंडी

आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. बाजारात मासेवाली "आत्ताच नदीतून आलाय" म्हणाली की मी आधी माशाचे कल्ले उघडून बघते. शेजारीण न मागता पपई देऊन गेली तर ती कापण्याआधी दोन दिवस विचार करते की हिला आता काय हवंय. माझं नाव लमाय, पण गावात मला 'लमाय पोलीस' म्हणतात. मी पोलीस नाही, आरोग्य स्वयंसेविका आहे. आमच्या नोन क्लुआ गावातली पंधरा घरं माझ्याकडे. त्यांचा रक्तदाब मोजायचा, बोटाला टोचून साखर बघायची आणि पाण्याच्या रांजणात डासांच्या अळ्या झाल्यात का ते बॅटरी मारून तपासायचं. दुसऱ्याच्या रांजणात डोकं घालणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

त्या पंधरांतलं शेवटचं घर याय लुनचं. याय म्हणजे आजी. ती माझी सख्खी कुणी नव्हे, पण आमच्याकडे केस पिकले की बाई सगळ्या गावाची याय होते. तिचं घर गावाबाहेर, खाऱ्या रानाच्या कडेला. घर कसलं, मीठ उकळायची झोपडी आणि तिला चिकटलेली एक खोली. मी तिथे महिन्यातून एकदा जायची आणि दर वेळी मनात एक पाल चुकचुकायची. का ते सांगते.

आमची जमीन खारी. पावसाचं पाणी आटलं आणि थंडी सरली की रानावर पांढरी बुरशी धरावी तसा मिठाचा पापुद्रा धरतो. उन्हं चढायच्या आत बायका पत्र्याच्या तुकड्याने तो खरवडतात, ती माती कोरलेल्या लाकडी डोणीत भिजवतात, खालून खारं पाणी ठिबकतं. त्यात लाखेची गोळी टाकायची. तरंगली तर पाणी उकळायला घ्यायचं, बुडाली तर पुन्हा माती घालायची. मग दिवसभर चुलीपुढे उकिडवं बसायचं. याय लुन हे सातव्या वर्षापासून करत आली. गावातल्या प्रत्येक घरी माशांचा खार घालतात त्याला मीठ तिचंच. माझी आई म्हणायची, लुनच्या मिठातला मासा तीन वर्षं टिकतो. एवढं एक मात्र मी न तपासता मान्य केलं होतं.

तिचा नवरा बैलगाडीत मीठ घालून तांदळाच्या गावांना जायचा. एका वर्षी गेला तो नदीपलीकडे दुसरं घर करून बसला. मुलगी तेव्हा पाळण्यात. पुढे कुणी विचारलं की याय लुन सांगायची, "दोन पोती मीठ घेऊन गेला. मीठ फार चांगलं उतरलं होतं त्या वर्षी, त्याचं वाईट वाटतं." मुलगी मोठी होऊन दूर चोनबुरी शहरातल्या कारखान्यात गेली, ती नववर्षाच्या पाणीसणाला चार दिवस येते. बाकी याय, तिची चूल आणि तिचे गुडघे.

गुडघ्यांनी पन्नाशीतच दगा दिला. चाळीस वर्षं ओल्या खाऱ्या मातीत उकिडवं बसून दुसरं काय होणार? बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी वाकडी झाली. पण या बाईने दुखण्यालाच धंद्याला लावलं. सासूकडून तिला मिठाच्या हंडीचा शेक ठाऊक होता. मुळात तो बाळंतिणीसाठी असतो. झाकणाचं छोटं मडकं घ्यायचं, त्यात भरड मीठ भरून निखाऱ्यावर ठेवायचं. मीठ तडतडतं. तडतड थांबून मडकं गप्प झालं की नागदवण्याच्या रुंद पानांवर कुटलेलं रानआलं पसरायचं, त्यावर हंडी ठेवायची, जुन्या लुंगीत गाठ मारून बांधायची आणि दुखऱ्या सांध्यावर दाबत फिरवायची. याय लुनने बाळंतिणींची हंडी म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर आणली. दुपारी तिच्या झोपडीत दोन-चार म्हाताऱ्या लुंग्या वर करून पडलेल्या असायच्या आणि तिच्या हाताखाली "ऊं ऊं" करत गावभरच्या सुनांची सालं काढायच्या.

हंडीबद्दल मला फारशी शंका नव्हती. थोडी होती. खरी शंका होती तिच्या औषधाच्या गोळ्यांवर.

हे औषध तिला ता सेंग नावाच्या एका डोंगरातल्या म्हाताऱ्याने शिकवलं होतं. ता म्हणजे आजोबा. त्यात भाजलेली तुरटी, नदीतल्या शिंपा जाळून केलेला चुना, मिठाच्या कढईच्या तळाशी उरणारी कडू खरवड, आणि डोंगरातला एक पांढरा दगड, कुटून. सगळं मधात मळून मिरीएवढ्या करड्या गोळ्या. पैसे घ्यायची नाही. केळीच्या पानाच्या द्रोणात पाच फुलं, दोन मेणबत्त्या आणि एक उकडलेलं अंडं आणलं की झालं. याने तर माझी शंका दुप्पट झाली. जो माणूस पैसे घेत नाही तो नक्की दुसरं काहीतरी घेत असतो, असं माझं मत होतं.

आणि वर तिचा नियम. औषधात काय आहे ते विचारायचं नाही. विचारलं की गुण जातो. हे घटक मला कळले तेसुद्धा पंधरा वर्षं तिच्या चुलीभोवती नाक खुपसून, विचारून नव्हे. पाणी कुठेतरी मुरतंय, हे कळायला आणखी काय हवं होतं?

तोवर ठीक होतं. मग माझी आई तिच्याकडे जायला लागली.

आईला एकाहत्तरावं चाललेलं. गुडघे असे सुजायचे की विहाराच्या नऊ पायऱ्या चढायच्या तर दोघी लागायच्या, एक ओढायला, एक ढकलायला. आरोग्यकेंद्रातल्या गोळ्यांनी तिचं पोट जळायचं. एक दिवस मला न सांगता ती अंडं आणि फुलं घेऊन याय लुनकडे गेली. आठव्या दिवशी मी घरी आले तर आई अंगणात उकिडवी बसून उखळात कच्ची पपई कुटत होती. उकिडवी! आठ वर्षांत पहिल्यांदा. मला बघून हसली आणि उखळाभोवती एक गिरकी घेतली.

"आई, आठ दिवसांत गुडघे बरे होत नसतात," मी म्हटलं.

"तुझ्या सरकारी गोळ्यांनी आठ वर्षांत झाले नाहीत, ते चाललं तुला?"

"त्या गोळ्यांत ती घालते तरी काय?"

आईने मिरचीचा हात तसाच माझ्या तोंडावर ठेवला. "गप! विचारू नको. माझा गुण घालवशील, कार्टे."

ओठ दिवसभर चुरचुरत होते. पण मी बघत राहिले. आई चिकटभाताचा दुसरा मुटका मागायला लागली, मग तिसरा. गाल भरले, तोंड गोल गरगरीत झालं. बाया म्हणायच्या, "कशी तरुण दिसायला लागलीय!" मला मात्र तिच्या हातावरचे काळेनिळे डाग दिसत होते. भिंतीला कोपर घासलं तरी डाग. तिसऱ्या महिन्यात ती लघवीला बसायची त्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. बोटाला टोचलं, साखर दुप्पट. माझी आई माझ्या डोळ्यांदेखत बरी होत होती आणि त्याच वेळी आतून कशाने तरी पोखरली जात होती, आणि ते काय आहे हे विचारायलाही मनाई. मला झोप लागेना.

त्याच सुमारास आरोग्यकेंद्रात आमचं एक दिवसाचं शिबिर झालं. नर्स नित, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, पण शिकलेली आणि डोक्याने शांत. तिने टेबलावर पांढऱ्या पट्ट्या मांडल्या.

"गावठी औषधांत काही लोक चोरून स्टेरॉइड मिसळतात," ती म्हणाली. "औषध पाण्यात विरघळवायचं, थेंब इथे टाकायचा. दोन रेघा आल्या तर औषध स्वच्छ. एकच आली तर त्यात स्टेरॉइड आहे."

"म्हणजे पोटुशी बाईच्या उलटं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या.

नित हसली नाही. "डॉक्टर हे औषध मोजूनमापून देतात. चोरून दिलं की दुखणं पळतं, पण चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं पोकळ होतात. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वर्षानुवर्षं घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो, मरूही शकतो. म्हणून सापडलं तर 'फेकून दे' म्हणायचं नाही. माणसाला आधी माझ्याकडे आणायचं. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. वहीत त्या ओळीखाली पट्टीने दोन रेघा मारल्या. त्या वहीचं पान अजून माझ्याकडे आहे.

शिबिरात प्रत्येकीला सहा पट्ट्या मिळाल्या होत्या. घरी येऊन आईच्या पानाच्या डब्यातून एक गोळी चोरली, विरघळवली, थेंब टाकला. पाच मिनिटं नजर हलवली नाही. एक रेघ आली. दुसरी आलीच नाही.

मला राग यायला हवा होता. खरं सांगते, आधी आनंद झाला. पंधरा वर्षं मी म्हणत होते आणि गाव मला हसत होतं.

त्याच संध्याकाळी आईला मोटारसायकलच्या बाजूगाडीत घालून नितकडे नेलं. आई वाटभर मला शिव्या घालत होती. नितने तिला मोजून गोळ्या दिल्या, दर आठवड्याला थोड्या कमी करायच्या, हळूहळू. मग विचारलं, "पी लमाय, हे औषध आणखी कोण घेतं?" पी म्हणजे ताई.

मी सात नावं सांगितली. नितने सातही लिहून घेतली, दुसऱ्याच दिवशी घरोघर गेली.

"आणि बनवणारी?"

"ती? ती बनवते," मी म्हटलं. "ती कशाला खाईल?"

मला तसंच वाटत होतं. हलवाई कधी आपली मिठाई खातो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या पाच पट्ट्या घेऊन मी याय लुनच्या झोपडीत गेले. ती कढईतलं मीठ झाऱ्याने टोपलीत काढत होती. मी आईच्या गोळीची पट्टी तिच्या पुढ्यात आपटली.

"याय, तुझ्या औषधात कारखान्यातलं स्टेरॉइड आहे."

तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली. "हे काय असतं?"

"नाटक नको. माझ्या आईची साखर दुप्पट झाली. हातावर डाग बघ जाऊन तिच्या!"

"असे?" म्हणत तिने सदऱ्याची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे डाग. काडीसारखे हात आणि वर टम्म गोल चेहरा. दर महिन्याला मी त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधत होते. माझी नजर मात्र तिच्या चुलीवर, डब्यांवर, मडक्यांत काय आहे त्यावर. तिचा हात मी कधी पाहिलाच नव्हता.

"तू पण खातेस?"

"दिवसातून तीनदा. चार वर्षं झाली. नाहीतर या चुलीपुढे बसले असते का मी?"

तेव्हाही मला ते नाटक वाटलं. म्हटलं, चला, दाखव तुझा माल. तिने निमूटपणे डबे काढले. मी एकेक तपासत गेले. तुरटी, दोन रेघा. शिंपांचा चुना, दोन रेघा. कडू खरवड, दोन रेघा. हंडीतलं मीठ, दोन रेघा. शेवटची पट्टी पांढऱ्या दगडाच्या पुडीला. तो दगड तिच्याकडे आता कुटूनच यायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

एक रेघ.

"हा दगड नाही, याय. गोळ्या कुटून घातल्यात त्यात. कुठून आणलास?"

"ता सेंगचाच आहे. मी स्वतः त्याच्याबरोबर डोंगरात जाऊन पाहिलाय."

"ता सेंग मरून किती वर्षं झाली?"

ती हिशेब करत राहिली. "चार. आता त्याचा जावई वितून आणून देतो, हिरव्या गाडीतून. मी मीठ देते त्या बदल्यात."

"त्याला कधी विचारलंस का, यात काय आहे म्हणून?"

"विचारायचं नसतं," ती म्हणाली. "ता सेंगने मला दगड दिला तेव्हा शपथ घातली होती. मी विचारलं नाही, माझ्याकडच्यांना विचारू दिलं नाही." मग तिने झारा खाली ठेवला. "जावई आणायला लागल्यापासून औषध फार चालायला लागलं. आधी महिनाभर घेतलं तर चार आणे फरक पडायचा. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, माझ्याच हाताला गुण आला."

त्या वेळी मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. माझ्या डोळ्यांपुढे आईची मोरी होती, मुंग्यांची रांग होती. मी बोट रोखून म्हटलं, "आता यातला एक कणही तोंडात घालायचा नाही. ऐकलंस? एक कण नाही!"

"नाही घालणार," ती म्हणाली. उठून, गुडघ्यांवर हात टेकत, तिने पिशवी आणि गोळ्यांचा डबा दोन्ही खाऱ्या पाण्याच्या चरात उपडे केले. मधाची पिवळी झाक तेवढी पाण्यात उरली.

आता नीट ऐका, कारण हे मी याआधी एकाच माणसाला सांगितलंय. त्या क्षणी मला नितचं दुसरं वाक्य आठवलं. विसरले नव्हते. वहीतल्या दोन रेघा डोळ्यांसमोर आल्या. पण मनात म्हटलं, हिने डबा ओतला तो मला दाखवायला. आत कुठेतरी दुसरा लपवलेला असणार, चोरून खाईलच. आणि समजा नाही खाल्लं, तर दोन दिवस दुखू दे थोडं. माझ्या आईने भोगलं, हिनेही भोगावं. मग सांगू नितला. मी चपला घातल्या आणि घरी आले.

पुढचे तीन दिवस गावाने मला सोलून काढलं. नित सातही म्हाताऱ्यांकडे जाऊन गोळ्या कमी करायचं वेळापत्रक लावून गेली होती आणि त्यांचे गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले होते. "तुझ्या पट्टीने काय केलं बघ, माझे पाय घेऊन गेली!" एक म्हातारी मला भर बाजारात म्हणाली. दुसरीने माझ्या रांजणात बॅटरी मारून बघितली, अळ्या आहेत का म्हणून. वितूनची हिरवी गाडी कुणाला दिसली नाही, त्यानंतर कधीच दिसली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच. पण तेव्हा मला याय लुनच चोर वाटत होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या झोपडीवर धूर नव्हता. मीठ उकळायच्या दिवसांत तिची चूल विझलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझ्या डोक्यात काय आलं? पळाली. वितूनला सावध करायला गेली असणार. मी तिला पकडायला म्हणून निघाले. रस्त्यात मनाशी शब्दसुद्धा जुळवले, तिला काय काय सुनवायचं त्याचे.

ती डोणीजवळ कुशीवर पडली होती. उलट्या करून करून तोंडाशी पिवळं पाणी. अंग गार, ओठ कोरडे, डोळे उघडे पण माझ्यावर ठरेनात. मी खोलीत धावले, पांघरूण शोधायला, आणि शोधता शोधता मडकी, डबे, गादीखालचं सगळं पालथं घातलं. लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही माझे हात लपवलेली गोळी शोधत होते. एकही नव्हती. तिने शब्द पाळला होता.

सरपंचाच्या गाडीतून तिला तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं. शिरेतून औषध गेलं, तासाभरात तिची नजर स्थिर झाली. तरणा डॉक्टर कागद लिहीत म्हणाला, "हिला औषध एकदम बंद करायला कुणी सांगितलं?"

"तिनेच फेकून दिलं," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. तिनेच फेकलं होतं.

ती सतरा दिवस तिथे होती. मुलगी आली, सुट्टी संपली, परत गेली. घरी आली तेव्हा हॉस्पिटलच्या मोजक्या गोळ्या आणि दुखणं, दोन्ही बरोबर घेऊन आली. चार वर्षं दाबून ठेवलेलं दुखणं व्याजासकट परत आलं होतं. बोटांनी झारा धरवेना. मिठाचा हंगाम पुढ्यात आणि ती दारात पाय पसरून रानाकडे बघत बसायची, पांढरा पापुद्रा दिवसेंदिवस जाड होताना. कधी कळ आली की लहान मुलासारखी रडायची, माझ्यासमोर, न लाजता.

तेव्हापासून रोज दुपारी मी तिच्याकडे जाते. हंडी मीच तापवते. ती बसल्या जागेवरून हुकूम सोडते.

"अजून तडतडतंय. काढू नको. गप्प होऊ दे."

"झालं की गप्प."

"तुझ्या कानाला झालं असेल. थांब."

आता ती सगळं विचारते. गोळी हातात दिली की आधी, "हिच्यात काय?" मी पाकिटावरचं नाव वाचते. "ही कशाची?" मी सांगते. "उद्या किती?" अर्धी. आईलाही घेऊन जाते कधीकधी. दोघी शेजारी पडतात, दोघींचे गुडघे सुजलेले, दोघी मला नावं ठेवतात. आईचे गाल पुन्हा बसले आहेत, साखर उतरलीय. नऊ पायऱ्यांना पुन्हा दोघी लागतात. तरी एक बरं, हंडीने दुपारपुरतं दुखणं उतरतं. दुपारपुरतंच. याय लुन म्हणते, हंडी कधीच जास्त बोलली नव्हती, मीच तिच्याकडून जास्तीची आशा केली.

परवाची गोष्ट. आई आली नव्हती, आम्ही दोघीच. मी हंडी तिच्या डाव्या गुडघ्यावर दाबत होते. पानांचा, रानआल्याचा वास सुटला होता. ती छताकडे बघत म्हणाली, "हॉस्पिटलातली नर्स सांगत होती. हे औषध एकदम सोडायचं नसतं, हे म्हणे सगळ्या आरोग्यवाल्या बायकांना शिकवतात."

माझा हात थांबला. "हो का?"

"असं म्हणत होती ती. तुझ्या आईला तर तू आदल्याच दिवशी नेलं होतंस ना नितकडे?"

मी लुंगीची गाठ पुन्हा आवळली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. असं तर मी लोकांकडे बघते, माशाचे कल्ले उघडून बघावं तसं. तिच्या नजरेत तसलं काही नव्हतं.

"भिऊ नको. मी तुला काही विचारत नाही," ती म्हणाली.

"का नाही विचारत? आता तर सगळंच विचारतेस."

"रोज येतेस. शेक बरा देतेस. विचारलं की गुण जातो."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लुंगीच्या गाठीवर पडलं आणि गरम कापडावर लगेच सुकलं. "न विचारता सांगते, याय. शिकवलं होतं. मी वहीत लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. तू डबा ओतलास तेव्हा मला आठवलंसुद्धा होतं. मी मुद्दाम बोलले नाही. मला वाटलं, तू थोडं भोगावंस."

बाहेर रानावर ऊन पडलं होतं आणि न खरवडलेलं मीठ डोळ्यांत खुपत होतं. माझ्या हाताखालची हंडी कोमट होत चालली. मी वाट बघत होते, ती मला जा म्हणेल याची.

तिने वाकड्या बोटांनी लुंगी उजव्या पायावरून वर ओढली.

"मीठ गार व्हायच्या आत," ती म्हणाली, "इकडे लाव."